अडसरापलीकडच्या मुली

एकदा एका शाळेत एक नियम होता, आणि तो का आहे असे विचारायचे नाही, हा त्या नियमाचाच अर्धा भाग होता.

शाळा डोंगराच्या पायथ्याशी होती. तिथल्या मुली डोंगरधावेसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. सरकारी कागदावर त्या शर्यतीला क्रॉसकंट्री म्हणत; गावाच्या तोंडी मात्र डोंगरधाव हेच नाव होते. रोज शाळा सुटली की मुली फाटकातून निघत, ओढा ओलांडत, करवंदीच्या जाळ्यांमधून वरच्या कातळाच्या सड्यावर चढत, तिथल्या एकट्या वीरगळाला वळसा घालत आणि त्याच वाटेने खाली येत. चौथी मुलगी आत आली की फाटकाचा अडसर पडे. त्यानंतर येणाऱ्या मुलींनी भिंतीच्या कडेने लांबून जाऊन गोठ्याजवळच्या खिंडारातून आत यायचे. पहिल्या चौघींची नावे वृद्ध गुरुजींच्या वहीत जात. जिल्ह्याच्या स्पर्धेला त्या चौघीच जात. बाकीच्या किती वेळात आल्या, कोणत्या क्रमाने आल्या, आल्या तरी की नाही, हे वहीला ठाऊक नसे.

अडसर पाडण्याचा मान सर्वांत आधी आलेल्या मुलीचा होता. गुरुजी डोंगराकडे तोंड करून उभे राहत. चौथी आत आली की ते मान हलवत आणि पहिली मुलगी, डोंगराकडे पाठ करून, अडसर सोडून देई. पाठ करण्याचीही रीतच होती. मागे राहिलेल्यांकडे पाहिले की पाय जड होतात, असे गुरुजी सांगत.

या गुरुजींची एक शिष्या होती. सात वर्षे तिने तो मान दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. ती सगळ्यांच्या आधी यायची, पाणीसुद्धा न पिता अडसराला हात लावून उभी राहायची आणि गुरुजींची मान हलली की तो सोडायची. त्याचा खाली आपटण्याचा आवाज तिला आवडायचा. त्या आवाजाच्या पलीकडे कोण उभे आहे, हे तिने सात वर्षांत एकदाही पाहिले नाही.

पुढे ती शहरात कॉलेजला गेली, पदवीधर झाली आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून परत आली. गुरुजींचे गुडघे आता फार वेळ उभे राहू देत नव्हते. त्यांनी तिला बोलावून सांगितले, "पोरी, उद्यापासून फाटकात तू उभी राहा. मान तू हलवायची."

कॉलेजात तिला प्रश्न विचारण्याची सवय लागली होती. तिने विचारले, "गुरुजी, चारच का?"

गुरुजी हसले. "काही गोष्टी धावून कळतात, पोरी. विचारून नाही."

आसपासच्या चार मुलींना ते उत्तर फार आवडले. तिला राग आला. सात वर्षे धावूनही ते तिला कळले नव्हते. पण गुरुजींनीच तिला धावायला शिकवले होते. चढावर श्वास कसा राखायचा, उतारावर पाऊल कुठे ठेवायचे, हे सारे त्यांचे देणे होते. तिने राग गिळला आणि दुसऱ्या दिवशी फाटकात, डोंगराकडे तोंड करून उभी राहिली.

तेव्हा तिला पहिल्यांदा दिसले.

एकूण सात मुली धावत होत्या. चौघी आत आल्या आणि अडसर पडला. काही वेळाने उरलेल्या तिघी एकेक करून करवंदीच्या जाळ्यांतून बाहेर आल्या, ओढा ओलांडून फाटकापर्यंत धावतच आल्या आणि अडसराशी येऊन भिंतीच्या कडेने वळल्या. वळल्यावर मात्र त्या धावत नव्हत्या, चालत होत्या. तिघींपैकी एक पारू. दुसरी द्वारकी, शाळेचे शिपाई सोनबा यांची मुलगी, अंगाने थोराड, नववीतली. आणि खूप मागून, ऊन उतरल्यावर, आठवीतली शेवंता. तिची छाती लहानपणापासून अधू होती. चढावर ती दोनदा बसायची, मग उठून पुन्हा धावायची.

"आली गं, मुक्कामी एस्टी आली!" आतल्या मुली ओरडल्या.

शेवंता अडसरावर दोन्ही हात टेकून धापा टाकत होती. दम परत आल्यावर म्हणाली, "मुक्कामी गाडी आलीच नाही, तर सकाळच्या फेरीला तुम्ही काय बैलावर बसून जाणार?"

सगळ्या हसल्या. ती स्वतःही हसली आणि भिंतीच्या कडेने चालू लागली. शिष्या तिच्या पाठीकडे पाहत राहिली. पाहिले की पाय जड होतात, हे गुरुजींचे म्हणणे तिला त्या दिवशी पटले.

सोनबांचे काम दर महिन्याला धावेची वाट फक्कीने आखण्याचे. दगडांवर पांढरे बाण काढत ते वीरगळापर्यंत जात. मुलीच्या धावण्याविषयी ते कधी कोणाशी बोलत नसत. एकदाच, फक्कीची गोणी उतरवताना, ते शिष्येला म्हणाले, "बाई, पोरगी हळू हाय माझी. पण वाट चुकत न्हाई. पाऊस असो, धुकं असो, सगळं करून येतीय."

"मला ठाऊक आहे, सोनबा," ती म्हणाली.

"तिला एकदा जिल्ह्याला जायाचंय. जिंकायला न्हवं. तिथं म्हणं शेवटपत्तुर माणसं उभी असत्यात. दोरी घेऊन."

नियम नियमच होता. तिने फक्कीची दुसरी गोणी उतरवायला हात लावला, एवढेच.

द्वारकीने त्या वर्षी मनावर घेतले. पहाटे ती बापाबरोबर वाट आखायला जायची आणि येताना धावत यायची. पारूला तिने पावसाळ्यातच मागे टाकले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्यात आणि चौथ्या मुलीत फाटकाजवळ शंभर पावलांचे अंतर उरले, मग पन्नास, मग तीस. फाटकात उभ्या असलेल्या शिष्येखेरीज हे कोणी पाहत नव्हते, कारण अडसर पडेपर्यंत आत आलेल्या मुलीही रीतीप्रमाणे डोंगराकडे पाठ करून उभ्या असत.

नावे पाठवण्याच्या आदल्या शुक्रवारी चौथी मुलगी आत आली तेव्हा द्वारकी दहा पावलांवर होती.

दहा पावले म्हणजे दोन श्वास. द्वारकीचे तोंड उघडे होते, वेणी सुटली होती, एका पायाच्या करंगळीतून रक्त येत होते. तिची नजर अडसरावर होती. शिष्येने ते सगळे पाहिले. ओसरीवरून गुरुजीही पाहत होते, पण द्वारकीकडे नव्हे. ते शिष्येच्या मानेकडे पाहत होते.

तिने मान हलवली.

अडसर पडला तेव्हा द्वारकीचा हात त्यावर येऊन आपटला. ती तशीच उभी राहिली. छाती वर-खाली होत होती.

"ताई," ती म्हणाली, "मी आलेच होते की."

"नियम आहे, द्वारकी," शिष्या म्हणाली. हे वाक्य आपण कुणाच्या आवाजात बोललो, हे तिला कळले.

द्वारकी त्या दिवशी भिंतीच्या कडेने गेली नाही. तिने पाठ फिरवली आणि ती ओढ्याच्या बाजूने सरळ घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, वर्गात बसली, प्रश्नांची उत्तरे दिली. शाळा सुटल्यावर मात्र धावायला थांबली नाही. सोमवारी थांबली नाही, मंगळवारीही नाही. आठवड्याने शिष्येच्या लक्षात आले, की घरी जाताना ती फाटकासमोरून जातच नाही. शेतातून लांबून जाते.

जिल्ह्याच्या स्पर्धेला चौघी गेल्या.

डोंगरधावेचा हिशोब साधा असतो. प्रत्येक शाळेच्या पहिल्या चार मुलींचे क्रमांक मिळवायचे. ज्या शाळेची बेरीज सर्वांत लहान, ती शाळा जिंकली. या शाळेच्या मुली दुसरी, चौथी, आठवी आणि नववी आल्या. बेरीज तेवीस. नदीपलीकडच्या शाळेच्या मुली पहिली, तिसरी आणि पाचवी आल्या. त्यांची चौथी मुलगी कुशीत कळ येऊन जवळजवळ चालतच आली, तेरावी. बेरीज बावीस.

एका गुणाने जिल्ह्याची ढाल गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

परत आल्यावर गुरुजी दोन दिवस निकालाचा कागद घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना, शिक्षकांना आणि गावातल्या काही मंडळींना ओसरीवर बोलावले आणि एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी खिशातून मूठभर चिंचोके काढले आणि जमिनीवर तेरा चिंचोके एका ओळीत मांडले. मग दोन फुटके चिंचोके उचलून त्यांनी ते नवव्याच्या आणि तेराव्याच्या मध्ये हलकेच बसवले. ओळ सरकली. शेवटचा चिंचोका, जो तेरावा होता, तो पंधरावा झाला.

"मोजा," ते म्हणाले.

कोणाला काही कळेना. मुख्याध्यापकांनी दोनदा मोजले.

मग गुरुजी सावकाश बोलू लागले. "स्पर्धेला आठ मुली नेता येतात. आपण चारच नेत आलो. मला वाटायचे, मागे पडणारी मुलगी म्हणजे शाळेचे मागे पडलेले नाव. त्या दिवशी आपली द्वारकी आणि पारू तिथे असत्या, तर त्या कळ आलेल्या मुलीच्या पुढे सहज आल्या असत्या. त्यांचे क्रमांक आपल्या बेरजेत धरले गेले नसते. पण ती तेरावी मुलगी पंधरावी झाली असती. त्यांची बेरीज चोवीस, आपली तेवीस." त्यांनी फुटक्या चिंचोक्यांवर बोट ठेवले. "मंद पाऊलसुद्धा जागा व्यापते. आणि आपल्या पावलाने व्यापलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही. निरुपयोगी कोणीच नसते, मुलींनो. उपयोग पाहण्याची दृष्टी नसते. ती इतकी वर्षे मला नव्हती. आता आली आहे."

ओसरीवर समाधानाचा एक निःश्वास उमटला. "वा, गुरुजी!" कोणीतरी म्हणाले. मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले.

व्याख्यानांत ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. ऐकणारे माना डोलावतात, उठतात आणि आपापल्या चपला शोधतात. दुर्बळालाही सोबत घ्या, तोही कामाला येतो, असा बोध बांधून घरी नेण्याइतपत सुटसुटीत असतो. पण गोष्ट इथे संपली नव्हती. त्या ओसरीवर एक जण अशी होती जिला ते दोन फुटके चिंचोके टोचत होते.

गुरुजींनी शिष्येला जवळ बोलावले. "पुढच्या महिन्यात विभागाची खुली स्पर्धा आहे. द्वारकीला सांग, गुरुजींनी बोलावले आहे. पारूलाही सांग."

"आणि शेवंता?"

गुरुजींनी मायेने मान हलवली. "ती कोणाच्या पुढे येणार, पोरी? तिने धावावे, हवे तेवढे धावावे. पण स्पर्धेला नको."

शिष्या सोनबांच्या घरी गेली. द्वारकी अंगणात बसून फक्की चाळत होती. तिचे केस, भुवया, पापण्या, सारे पांढरे झाले होते. चौदा वर्षांची मुलगी म्हातारी दिसत होती. शिष्येला पाहून ती उठली आणि तिने ओढणीने तोंड पुसले. फक्की पुसली गेली नाही, पसरली.

"गुरुजींनी बोलावलंय तुला," शिष्या म्हणाली. "विभागाच्या स्पर्धेला."

आनंदाने ती उडी मारेल, असे शिष्येला वाटले होते. निदान रागावेल, असे तरी. द्वारकीने चाळणी खाली ठेवली. "कितवी यायचं?"

"दुसऱ्या शाळेच्या चौथ्या मुलीच्या पुढे. म्हणजे तिचा क्रमांक..."

"कळलं मला. पारू सांगत होती चिंचोक्यांचं." "येईन की. गुरुजी म्हणाले तर येईन."

"तुला यायचं आहे का?"

"आता तसं काही वाटत नाही, ताई. पण येईन." तिने पुन्हा चाळणी उचलली. हात हलू लागला आणि मध्येच थांबला. "ताई, एक विचारू?"

"विचार."

"त्या शुक्रवारी मी पाचवी होते. दहा पावलांवर होते. मी घरी सांगितलं, पण आमच्या आईला वाटतं मी मनानं रचून सांगते. वहीत तर पाचवीचं नाव नसतंच. तुम्ही तिथं उभ्या होतात." तिने मान वर केली. पांढऱ्या चेहऱ्यावर फक्त डोळे तेवढे काळे होते. "तुम्ही बघितलं ना? कुणीतरी बघितलं ना?"

"बघितलं," शिष्या म्हणाली. "दहा पावलं. रक्त आलं होतं करंगळीतून."

"हां," द्वारकी म्हणाली. तिने एकदाच मान डोलावली, जणू फार दिवसांचे एक काम संपले होते, आणि ती फक्की चाळू लागली. शिष्या बराच वेळ तिथे उभी होती.

आपण त्या मुलीकडून काय घेतले, हे शिष्येला त्या अंगणात कळले. स्पर्धेतली जागा तिला आता परत देता येत होती. धावण्याची ओढ परत देण्याचा मात्र काही उपाय नव्हता. बोलावले तर द्वारकी येणार होती, सांगितले तितके धावणार होती, सांगितलेल्या मुलीच्या पुढे येणार होती. आणि त्यातले काहीच तिचे असणार नव्हते.

अर्ज भरण्याच्या दिवशी ओसरीवर चार वडीलधारी माणसे जमली. गुरुजी होते, मुख्याध्यापक होते, खांबाला टेकून सोनबा उभे होते, आणि गावातले शेटजी खास आले होते. धावणाऱ्या मुलींना बूट देण्याची शेटजींच्या घराण्याची पूर्वापार चाल होती. चिंचोक्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, आणि ते दोन नवे खोके काखेत मारून आले होते.

"मास्तर, चार जोड आधीचे, हे दोन नवे. झाले सहा," शेटजी म्हणाले. "आमच्या आजोबांनी सुरू केलं ते आम्ही वाढवलं. बघा, माप बरोबर आहे का."

शिष्येसमोर अर्ज होता. नावांसाठी त्यावर आठ ओळी छापलेल्या होत्या. तिने सात नावे लिहिली आणि अर्ज गुरुजींपुढे सरकवला.

गुरुजींनी चष्मा लावला, नावे वाचली आणि सातव्या नावावर थांबले. "शेवंता?"

"ती धावते, गुरुजी. रोज. दोनदा बसते आणि दोनदा उठते."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तिची काळजी वाटते. तिथे चारशे माणसे असतील. सगळ्यांच्या मागून ती एकटी येईल. पंच तिच्यासाठी उन्हात ताटकळतील. लोक हसतील. तिलाच वाईट वाटेल."

"तिला विचारलंत?"

"लेकरांना सगळेच विचारायचे नसते, पोरी."

"बाई, जरा समजुतीने घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "गुरुजींनी एवढा मोठेपणा दाखवला, चाराच्या सहा केल्या. आता तुम्ही सहाच्या सात करा म्हणता. उद्या आठ म्हणाल."

"आठ ओळी आहेतच, सर."

"कॉलेजात गेलं की असंच होतं," शेटजी हसत म्हणाले. "उत्तर मिळालं तरी प्रश्न संपत नाही."

शिष्येने शेटजींकडे पाहिले नाही. ती गुरुजींकडेच पाहत होती. "मला उत्तर मिळालेलं नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, चारच का. आज सांगा."

गुरुजींनी चष्मा काढला. "माझ्या गुरूंनी घालून दिलेला नियम आहे. त्यांनी मला सांगितला, मी तुला सांगितला."

"का, असं तुम्ही त्यांना विचारलंत?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "नाही विचारले."

तेव्हा खांबाशी उभे असलेले सोनबा खाकरले. "बूट चार व्हते," ते म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिले. सोनबांना एवढ्या नजरांची सवय नव्हती. ते खाली बघत बोलू लागले. "माझा बा हितंच शिपाई व्हता. त्यानं सांगितलेलं. शेटजींच्या आजोबांनी पहिल्यांदा बूट दिलं, ते चार जोड. सड्यावर काटं लई. अनवाणी पोरींना स्पर्धेला कसं न्ह्यायचं, म्हणून त्या सालाला चौघीच नेल्या. ऱ्हायलेल्या पोरी फाटकात येऊन रडाया लागल्या, आम्हालाबी न्या म्हणून. गाडी निघंना. मग बानं बांबू आडवा टाकला." त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "त्या एका दिसापुरता टाकला व्हता."

शेटजींनी काखेतले खोके सावरले.

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत, सोनबा," मुख्याध्यापक म्हणाले.

"मला कुनी विचारलं न्हाई, सायेब."

शिष्या गुरुजींकडे वळली. "तेव्हा बूट चार होते म्हणून मुली चार. आज बूट सहा आहेत म्हणून मुली सहा. गुरुजी, आपण मुली कधी मोजल्याच नाहीत. बूट मोजत आलो."

"तू रागात आहेस," गुरुजी म्हणाले. "मी नियम मोडला, हे तुला दिसत नाही. मंद मुलींनाही स्थान दिले."

"तुम्ही त्यांना काम दिलंत. दुसऱ्याच्या मुलीला मागे ढकलण्याचं काम. जी ते करू शकते ती आत, जी करू शकत नाही ती बाहेर. द्वारकीला मी बोलावलं. ती येते म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली तो तुम्ही ऐकायला हवा होता. दोन महिन्यांपूर्वी ती स्वतःच्या पायांनी दहा पावलांवर आली होती आणि मी तुमच्याकडे न बघता, तुमच्यासाठी मान हलवली. त्या दिवसापासून मला तो हात दिसतो. आता तिला फुटका चिंचोका म्हणून परत बोलवायचं, आणि तिच्या जागी शेवंताला बाहेर उभं करायचं. ते करायलाही तुम्हाला माझीच मान हवी आहे."

"पोरी, मी तुला धावायला शिकवले."

"शिकवलंत. म्हणून सात वर्षं विचारलं नाही."

गुरुजींनी अर्ज उचलला. लेखणी सातव्या नावाजवळ नेऊन त्यांनी शांतपणे विचारले, "मग हे नाव मी काढले, तर?"

"तर पहिल्या नावापासून सगळी काढा. मुलींना घेऊन मी जाणार नाही. सहा जणींच्या अर्जावर सही करणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही, गुरुजी. तुम्ही सांगितलं म्हणून तर मुळीच नाही."

मैदानातून मुलींच्या पावलांचा आवाज येत होता. त्यांत द्वारकीची पावले नव्हती. ती त्या वेळी शेतातून लांबच्या वाटेने घरी चालली असेल. हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. मुख्याध्यापकांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले. शेटजी खोक्याच्या झाकणावरची दोरी बोटाने उलगडत राहिले. सोनबांनी डोळे मिटले होते.

गुरुजींकडे आजवर प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असे, आणि ते ऐकून लोक समाधानाने घरी जात. त्यांनी शिष्येकडे पाहिले, बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि तसेच मिटले. लेखणी त्यांनी खाली ठेवली. अर्जावर सातही नावे तशीच होती.